अनपेक्षित, ओळ चौदा

सेंट लॉरेन्स नदी जिथे इतकी रुंदावते
की पलीकडचा काठ निव्वळ ऐकीव उरतो,
त्या मातान गावी, फेब्रुवारीत,
मृत्युलेखांचं संकेतस्थळ सांभाळते सोलांज बेरुबे.
साचा एकच. नाव, वय, मागे कोण कोण,
फुलांऐवजी देणगी कुठे द्यावी.
माणूस गेला की त्याचा मजकूर
महिरपी कंसांत जाऊन बसतो.

आज बसला नाही.
फेर्नां द’आमूर, वय एक्क्याऐंशी,
कोळंबीच्या बोटीवरचा इंजिनवाला.
पान पांढरं. बाहेर गोठलेल्या पाण्याइतकं.
आणि कोपऱ्यात यंत्राची तक्रार :
ओळ चौदा, अनपेक्षित ‘आमूर’.

आमूर म्हणजे त्यांच्या भाषेत प्रेम.
सोलांज एकटीच हसली,
मग कॉफी गार होईस्तोवर त्या ओळीकडे बघत राहिली.

यंत्राचं चुकलं नव्हतं.
त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं :
एक चिन्ह दिसलं की बोलणं सुरू,
तसलंच पुन्हा दिसलं की बोलणं संपलं.
द म्हटलं, चिन्ह आलं, त्यानं वही मिटली.
उरलेला म्हातारा उंबऱ्याबाहेर,
टोपी हातात घेऊन.

तिनं बाहेरचं अवतरण दुहेरी केलं.
पण पुढेच, नावाच्या पोटात, मुलीनं लिहिलेलं :
"तिलू". पिटुकला लांडगा.
अख्ख्या धक्क्यावर त्याला दुसरं नाव नव्हतं.
इथे दुहेरीही मिटलं.
शाळेत शिकवलेली कोनदार अवतरणं «» चालून गेली असती,
पण मार्जोलेननं ती शोधायची कुठे,
रात्री दोन वाजता, फोनवर, अंगठ्यानं?

मग प्रत्येक चिन्हाआधी एक तिरकी रेघ.
दाराला खांदा लावून उभ्या राहिलेल्या माणसासारखी :
थांब रे, अजून बोलतोय तो.
वर खबरदारी म्हणून एक चाळणी.
आणि चाळणीवर, नकळत, साच्याची स्वतःची चाळणी.

साडेनऊला फोन.
“बाबांच्या नावात एकोणचाळीस कुठून आले?”
सोलांजनं पाहिलं. खरंच.
द, मग ती वेडीवाकडी जाळी, मग ३९, मग अर्धविराम,
मग आमूर.
दोनदा धुतलं की रंग जातो तसं.
“क्षमा करा,” ती म्हणाली. पलीकडे आधी हसू आलं,
मग बराच वेळ काहीच आलं नाही.

मी हे मराठीत लिहितो तेव्हा
दामूर असं एका दमात लिहून मोकळा होऊ शकतो.
पण त्या टिंबाशेपटीच्या खुणेखाली एक स्वर पुरलाय,
दोन स्वर भेटले तेव्हा पहिल्यानं जागा दिली.
आपल्या जुन्या पोथ्यांत अशा जागी ऽ काढत,
इथे एक अ होता, एवढंच सांगायला.
यंत्राला ती संपल्याची खूण वाटली.
ती गेल्याची आहे. दोन्ही एक नव्हेत.

दुपारी सोलांजनं तिरक्या रेघा सगळ्या पुसल्या.
नाव साच्यात लिहायचंच नाही, ठरवलं.
नाव बाहेर राहील, आपल्या घरी, जसं आहे तसं,
साच्यानं फक्त हाक मारायची.
चाळणी एकच, आणि ती अगदी दाराशी.
पान उघडलं : फेर्नां "तिलू" द’आमूर.
काही मोडलं नाही.

तेव्हा कुठे तिनं खालचा मजकूर नीट वाचला.
मुलीनं शेवटी बाबांचं वाक्य घातलेलं,
अवतरण उघडलेलं, मिटायचं राहिलेलं.
सकाळी हेच दिसलं असतं तर
तिनं चटकन बंद केलं असतं.
आता तिनं माउसवरचा हात काढला,
खिडकीची फट बुजवली, आणि पान तसंच गावाला दिलं :

"इंजिन अजून गरम आहे, हात नको लावूस, मी जरा